सल्ला सदर : नवा लेथ थरथरतो, परत करू का?

पत्र : मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. वय ५८, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. लहानपणापासून लाकडाची ओढ, म्हणून फंडाच्या पैशांतून लाकूड कातायचा लेथ घेतला, म्हणजे लाकूड गरगर फिरवणारं यंत्र. टेबलावर ठेवायचा, १२ इंच स्विंगचा (१२ इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरेल असा), एक हॉर्सपॉवरचा. सोबत आठ पटाश्यांचा संच आणि लाकूड पकडायचा चार जबड्यांचा चक आला. पोर्चमध्ये जुन्या कॉम्प्युटर टेबलावर तो बसवला. वळवाच्या पावसात अंगणातल्या कडुनिंबाची फांदी मोडली. झाड सासूबाईंनी लावलेलं; त्या आता नाहीत. पहिला वाडगा त्याच लाकडाचा करायचा असं मी ठरवलं होतं. सात इंची ओंडक्याला हातानेच एक गोल खुंटी काढली आणि ती चकात धरली. वेग बदलायचा पट्टा आला तसाच मधल्या पायरीवर होता, तिथे १८०० लिहिलं आहे. मशीन सुरू केलं आणि टेबलासकट सगळं चालायलाच लागलं. सगळ्यात मोठी गोल पटाशी टेकवली तर ती हिसडा देऊन ओढली गेली, ओंडका सुटून भिंतीवर आदळला. कुणाला लागलं नाही. शेजारचे भाऊ अंबडच्या एमआयडीसीत टर्नर आहेत. ते म्हणाले, मशीन हलकं आहे, परत करा. यजमान काही बोलत नाहीत, पण पोर्चमधून जाताना लेथकडे बघतही नाहीत. परत करायला अजून थोडे दिवस आहेत. काय करू?

उत्तर : ताई, कुणाला लागलं नाही हे वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. ओंडका सुटल्याचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबलो. मशीन ठेवायचं की परत करायचं ते नंतर बोलू. आधी त्या ओंडक्याचं.

सात इंच व्यासाच्या ओंडक्याचा घेर जवळपास २२ इंच. मिनिटाला १८०० फेरे म्हणजे सेकंदाला ३०. हिशेब केला तर त्याची कड ताशी ६० किलोमीटरने फिरत होती. तुमच्या फाट्यावरून मुंबई-आग्रा हायवेला मोटारसायकल जाते त्या वेगाने अडीच-तीन किलोचं ओलं लाकूड तुमच्या छातीसमोर गरगरत होतं. त्यात ते अजून गोल नव्हतं, एका अंगाला जड होतं. जड बाजूचा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट केला की हिसका चौपट. तोच ओंडका ५०० फेऱ्यांवर फिरवला असता तर टेबलाला बसणारा झटका तेराव्या हिश्श्यावर आला असता. मशीनच्या अंगात काही बिघाड नसताना टेबल चालायला लागायला एवढं कारण पुरे आहे.

कातारकाम करणारे एक सोपं गणित पाळतात. लाकडाचा व्यास इंचांत घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा. उत्तर ६००० ते ९००० च्या आसपास राहावं. सात इंचाला म्हणजे साधारण ८५० ते १३००. पण हे गोल आणि समतोल झालेल्या लाकडासाठी. ओबडधोबड लाकूड पहिल्यांदा चढवलं की पट्टा सगळ्यात खालच्या वेगाच्या पायरीवर, यात सूट नाही. पट्टा हलवण्याआधी प्लग काढा. लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कुठे टेकणाला, म्हणजे पटाशी टेकवायच्या दांडीला, लागत नाही ना ते बघा. आणि बटण दाबताना लाकडाच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा.

आता तो हिसडा. संचातली सगळ्यात मोठी, रुंद, सरळ तोंडाची गोल पटाशी लाटण्यासारख्या लांब कामासाठी असते, जिथे लाकडाचे धागे लेथच्या लांबीला समांतर असतात. चौकोनी तुकडा गोल करायला ती उत्तम. वाडग्याच्या कामात मात्र धागे आडवे असतात. एका फेऱ्यात पटाशीला दोनदा धाग्यांच्या टोकाशी झुंजावं लागतं. या पटाशीचं शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, बारीक असतं. जोराचा हिसडा बसला तर ते मुठीजवळ मोडतं आणि पातं उडतं. तुमची पटाशी नुसती ओढली गेली, मोडली नाही. ती पटाशी वाडग्याला पुन्हा कधीही लावू नका. त्या कामाची गाऊज, म्हणजे गोल पटाशी, वेगळी असते : जाड गोल सळईतून खोल खोबण काढलेली, लांब मुठीची. तुमच्या संचात ती आहे का ते पाहा. नसेल तर वाडगा थांबू द्या.

पकडसुद्धा चुकली. चकाचे जबडे धरतात ती खुंटी लेथवरच कातलेली, नेमकी गोल आणि खांद्याशी सपाट असावी लागते. हाताने काढलेल्या ओल्या खुंटीला जबडे दोन-तीन जागीच चावतात, लाकूड दबतं आणि पकड सैल होते. म्हणून ओंडका आधी फेसप्लेटला (फिरत्या दांड्यावर बसणाऱ्या भोकांच्या तबकडीला) जाड स्क्रूंनी बसवायचा, समोरून टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याचा) आधार द्यायचा, तसाच गोल करायचा, खुंटी लेथवर कातायची आणि मगच उलटवून चकात धरायचा. टेलस्टॉक जोपर्यंत लावता येतो तोपर्यंत लावून ठेवा.

एवढं झाल्यावर तुमच्या प्रश्नाकडे येतो. मशीन इतक्यात परत करू नका. तुमच्या मनावर जो पहिला ठसा उमटला आहे तो बराचसा कॉम्प्युटर टेबलाचा आहे. लेथ कसा आहे हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही. माझा पहिला लेथ मी गॅलरीत एका फळीवर बसवला होता. तीन महिने मशीनला दोष दिला, पट्टा बदलला, बेअरिंग बदलली. शेवटी खालच्या मांडणीत वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या आणि थरथर गेली. त्या तीन महिन्यांत माझं शिकणं थांबलं होतं याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचे महिने तसे जाऊ नयेत म्हणून बैठकीबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कॉम्प्युटर टेबल काढून टाका. पार्टिकल बोर्ड दुरुस्त करून या कामाचा होत नाही. जुन्या नाशकात वाडे पाडले जातात तेव्हा दारांच्या चौकटी, तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. त्यातले तीन-चार इंची चौरस तुकडे पायांसाठी घ्या (लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, सुताराची करवत वाचेल). पाय खाली थोडे फाकलेले असू द्या. वर १९ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर चिकटवून फळी करा. तळाशी मांडणी करून त्यात कोरड्या वाळूच्या गोण्या ठेवा, मशीनच्या वजनाच्या निदान दुप्पट. उंचीसाठी कोपर काटकोनात दुमडून सरळ उभ्या राहा. जमिनीपासून कोपरापर्यंत जितकं भरेल तितक्या उंचीवर स्पिंडलचा, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचा, मध्य यावा, फार तर दोन बोटं वर. त्यातून मशीनच्या तळापासून स्पिंडलपर्यंतचं अंतर वजा केलं की टेबलाची उंची मिळते. तयार टेबल बहुतेकांच्या मापाचं नसतं, आणि चुकीच्या उंचीवर तासभर काम केलं की खांदे सांगतात. टेबल भिंतीला मात्र ठोकू नका. घर रो-हाऊस असेल तर भिंत सामाईक असते, घरघर थेट पलीकडच्या दिवाणखान्यात जाईल.

मशीन नव्या टेबलावर ठेवलं की लगेच बोल्ट आवळायची घाई होते. ती टाळा. आधी चारही पाय नुसते टेकू द्या आणि एका कोपऱ्यावर दाबून बघा. एखादा पाय केसभर अधांतरी असतोच. त्याच्याखाली रिकाम्या डब्याचा पत्रा कापून सरकवा, डुगडुग थांबली की बोल्ट लावा. हे का, तर बिडाचा बेड, म्हणजे लेथचा लांब सांगाडा, दिसायला कितीही दणकट असला तरी अधांतरी पाय बोल्टने खाली ओढला की तो पिळवटतो. पिळवटला की हेडस्टॉक (स्पिंडल असलेलं डोकं) आणि टेलस्टॉक एकमेकांकडे सरळ बघत नाहीत. तपासणं सोपं आहे. हेडस्टॉकमध्ये स्पर सेंटर (दातेरी टोक), टेलस्टॉकमध्ये फिरतं सेंटर (फिरणारं टोक) बसवा आणि दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणा, मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवून. बोल्ट सैल असताना टोकं समोरासमोर आहेत आणि आवळल्यावर सरकली, तर दोष बैठकीत. सैल असतानाच वाकडी असतील तर मशीनकडे संशयाने बघा. त्याआधी दोन्ही टेपर, म्हणजे टोकं बसतात ती निमुळती भोकं, कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तुमच्या आकाराच्या लेथला बहुधा दोन नंबरचा मोर्स टेपर असतो. तो केवळ घर्षणाने धरतो, आत भुशाचा एक कण राहिला तरी टोक तिरपं होतं.

कारखान्यातून येताना बेडला गंज रोखणारा चिकट थर असतो. तो टर्पेंटाइनने पुसा आणि वर तेलाऐवजी मेण घासा, कारण तेलावर भुसा बसून चिखल होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पोर्चमध्ये उघडं लोखंड चार दिवसांत तांबूस पडतं, म्हणून पावसाळाभर दर आठवड्याला मेण. मग पुलीचे बारीक स्क्रू अॅलन चावीने आवळलेले आहेत का ते बघा. बरेच दिवस खोक्यात एकाच जागी दुमडून राहिलेला पट्टा सुरुवातीला थोडी धकधक करतो. काही तास चालल्यावर ती कमी होते.

आता शेजारच्या भाऊंना बोलवा. त्यांचं म्हणणं मी धुडकावत नाही. पण ते रोज लोखंडाच्या लेथवर उभे राहतात. तिथे हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट बांधलेलं असतं आणि मशीनच्या वजनावर कामाचा नेमकेपणा ठरतो. लाकडाच्या लेथवर हत्यार माणसाच्या हातात असतं. आपले जुने कातारी दोरीने पुढे-मागे फिरणाऱ्या लेथवर, जमिनीला टेकून बसून, पायाच्या बोटांनी पटाशीला आधार देत काम करायचे. लाकूड आपल्याकडे फिरेल तेव्हाच धार लागायची, उलट फिरताना हात उचलायचा. वाड्यांच्या माडीचे कठडे, पाळण्यांचे खांब, चौरंगाचे पाय अशा साधनांवर घडले. ‘कातीव’ हा शब्द आपण आजही रेखीव चेहऱ्याला वापरतो. तर भाऊंना निवाडा देऊ नका म्हणावं, डायल गेज (केसभर हालचालही काट्यावर दाखवणारं साधन) घेऊन या म्हणावं. स्पिंडलच्या नाकावर आणि आतल्या टेपरवर गेज लावून हाताने फिरवलं की स्पिंडल किती डुलतो ते मिनिटात कळेल. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटर हलला तर लाकडाला ते काहीच नाही. दहा शतांशाच्या पुढे गेला तर तक्रार रास्त. या कामात त्यांच्याइतका चांगला माणूस तुम्हाला मिळणार नाही.

मग लेथ रिकामा चालवा. चक काढून, खालच्या वेगावर वीस मिनिटं, मग एकेक पायरी वर. घरात जुनं जाड पाच रुपयांचं नाणं असेल तर ते बेडवर कडेवर उभं करा. नाणं उभं राहिलं तर मशीन आणि बैठक दोन्हीकडून समाधान माना. एखाद्या वेगाला पडलं तर तेवढ्यावरून घाबरू नका, तो वेग टाळा. हेडस्टॉकला तळहात लावा : कोमट चालेल, चटका बसता कामा नये. आवाज एकसारखा हवा. जात्यासारखी घरघर येत असेल तर बेअरिंग बघावी लागेल.

या सगळ्यातून गेल्यावरही सेंटर जुळत नसतील, स्पिंडल डुलत असेल किंवा बेअरिंग वाजत असेल, तर मुदतीच्या आत परत करा, मनात किंतू न ठेवता. गेजचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ लेखी तक्रारीला जोडा. टेबल तयार व्हायला वेळ लागणार असेल तर थांबू नका. पोर्चच्या फरशीवर मशीन ठेवून, खाली पत्रे सरकवून सेंटर आणि स्पिंडल दोन्ही तपासता येतात. लाकूड न लावता.

विजेचं थोडक्यात. अर्थिंग असलेला १६ अँपियरचा सॉकेट, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि बारीक एक्स्टेन्शन वायर नको. एक प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा : लाइट जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं का? होत असेल तर नो-व्होल्ट स्विच बसवून घ्या. तोवर लाइट गेली की पहिलं काम बटण बंद करणं.

पोशाखाबद्दल मी कठोर आहे, राग मानू नका. लेथवर साडीचा पदर, ओढणी, बांगड्या, मंगळसूत्र, सुटी वेणी यांतलं काही नको. अंगासरशी कुडता, कोपरापर्यंत बाह्या, गळा बंद, केस बांधून टोपीत. हातमोजे तर मुळीच नकोत; फिरतं लाकूड मोज्याचा धागा पकडतं तेव्हा हातही सोबत जातो. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी फेस शील्ड हवी. पॉलिश पेपर मारताना टेकण बाजूला काढा, पेपर बोटांभोवती गुंडाळू नका, आणि एन-९५ मास्क लावा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ढलप्या अंगावर पडल्या तरी चालतात, बारीक पीठ नाकात जाता कामा नये.

आणखी खर्च करायचा असेल तर तो फेस शील्डवर आणि मग ग्राइंडरवर करा. संचातल्या पटाश्या खोक्यातून येतात तेव्हा त्यांना आकार असतो, धार नसते, आणि बोथट पटाशी दाबावी लागते, दाबली की हिसडा. ग्राइंडरला करड्या चाकाऐवजी पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक लावा. पटाशीच्या उताराला मार्करची शाई फासा, चाक हाताने जरासं फिरवा : शाई वरपासून खालपर्यंत गेली तर कोन जुळला. लाकूड गोल करायच्या पटाशीला ४५ अंश ठीक. ग्राइंडर लेथपासून लांब, भुसा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. ठिणगी भुशात तासभर दडून राहू शकते.

आणि पहिलं काम लाटण्याचं घ्या. शिवण किंवा आंब्याचा सरळ धाग्याचा, गाठ नसलेला, सुका, दोन इंची चौरस तुकडा वखारीत मागा. सागाचा मोह आवरा. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. तुकडा दोन सेंटरमध्ये धरा, टेकण मध्यरेषेच्या किंचित खाली, लाकडापासून जेमतेम पाच मिलिमीटरवर. वेग १००० च्या आसपास पुरे. क्रम एकच : पटाशी आधी टेकणावर, मग तिची पाठ लाकडावर नुसती घासू द्या, मग मागची मूठ हळूहळू वर उचला. पाठ घासत असताना धार आपोआप लाकडाला भेटते आणि पहिली लांब ढलपी सुटते. तुमचा हिसडा धार पाठीच्या आधी भेटल्यामुळे बसला. आठ-दहा लाटणी जळणात गेली तरी जाऊ द्या. त्यानंतरचं जे बरं येईल त्याला घाण्याचं कच्चं जवसाचं तेल लावा. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड नको, त्यात वाळवणारी धातूंची क्षारं असतात. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, मोकळं पसरून वाळवा. जवसाचं फडकं गोळा करून ठेवलं तर आपोआप पेटतं. वाळलेल्या लाटण्याने यजमानांसाठी एकदा पोळ्या लाटा. पोर्चमधून जाताना ते थांबतील असं मला वाटतं.

आता सासूबाईंचा कडुनिंब. वाडगा त्याचाच करायचा ही तुमची इच्छा मला फार योग्य वाटते, फक्त तो पहिला नको. पण एक काम आजच करा, कारण लाकूड तुमच्यासाठी थांबत नाही. ओंडक्यांची कापलेली टोकं उघडी असतील तर पाणी तिथून सगळ्यात आधी उडतं आणि भेगा पडू लागतात. पडलेल्या भेगा दिसतात तिथून दोन इंच आत कापा, मेणबत्त्यांचं मेण मंद आचेवर वितळवून दोन्ही टोकांना जाड थर द्या. फांदी गोल असेल तर गाभ्यातून उभी दोन भागांत चिरून घ्या. गाभा आत ठेवलेलं लाकूड हमखास फाटतं. भिजणार नाही अशा सावलीत, जमिनीपासून वर, विटांवर ठेवा. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा.

लाटणी जमू लागली, वाडग्याची गाऊज आली, की दिवाळीच्या सुमारास त्यातला एक तुकडा फेसप्लेटवर चढवा आणि आतून-बाहेरून कातून जाड वाडगा करा. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवायची, म्हणजे सहा इंची वाडग्याला दीड सेंटिमीटर. तो त्याच्याच ढलप्यांसोबत कागदी पिशवीत भरून कपाटात ठेवा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ओला कडुनिंब वाळताना लंबगोल होतो, म्हणूनच ती जास्तीची जाडी. सलग तीन-चार रविवार वजन तेच राहिलं की तो पुन्हा चकात धरून शेवटचा कातायचा. नाशिकच्या कोरड्या थंडीत हे वजन भराभर उतरतं, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत तो तयार व्हावा. तेव्हा फोटो पाठवा, आणि डायल गेजचा आकडा मात्र त्याआधी, या आठवड्यातच कळवा.